पुढची घोडी

१२ जानेवारी, सोमवार

भारतला कंपनीत नव्या वर्षाची डायरी मिळाली, ती त्याने मला आणून दिली. म्हणाला, "आबा, दिवसभर बडबडता ते यात लिहा." सखू चुलीपाशी होती. ती म्हणाली, "लिहू दे. तेवढाच आमच्या कानाला आराम."

मी चौथीपर्यंत शिकलो आहे. लिहिता येतं. खरं तेच लिहीन, कारण या घरात खरं ऐकून घेणारं कुणी नाही.

मेंढरं विकली त्याला सात-आठ वर्षं झाली. रानं संपली, प्लॉट पडले, चारायचं कुठं. पण तिन्ही घोड्या मी ठेवल्या. व्यापारी आला तेव्हा सखू दारात आडवी बसली होती हेही खरं, पण ठेवायचा होकार माझाच होता. आता त्या घोड्यांवर शहरातले लोक बसणार आहेत. अमेय नावाचा एक मुलगा पुण्याची नोकरी सोडून हर्सूलला आईबापाकडे राहायला आला. फिरायला म्हणून आमच्या डोंगराकडे यायचा, आणि फिरता फिरता आमच्या घरात घुसला. त्याचं म्हणणं, पाचोडच्या माळावरून निघायचं, चितेगावच्या मागून दौलताबादला, तिथून घाट चढून म्हैसमाळ. चार दिवस घोड्यावरून. लोक यासाठी मुंबईहून येतात म्हणे. मी म्हणालो, "येऊ देत. आम्ही ही वाट जन्मभर पायानं तुडवली, आम्हाला बघायला कुणी आलं नाही."

सगळ्यात संतापाची गोष्ट शेवटी लिहितो. भारतची बायको दिपाली त्या अमेयकडून घोड्यावर बसायला शिकली आहे. डोक्यावर ते हेल्मेटसारखं टोपडं घालून, पॅन्ट घालून. सासरा जिवंत असताना.

१३ जानेवारी, मंगळवार

काल रागात नीट लिहिलं नाही. का संताप येतो ते लिहितो.

आमच्यात बाई घोडीवर बसत नाही. आमचा वाडा हलायचा, वाडा म्हणजे आमचा फिरता संसार, तेव्हा गडी मेंढरांबरोबर पुढं निघून जायचे. मागून बायका घोड्यांवर सगळं लादायच्या. भांडी, वाकळा, कोंबड्यांची पाटी, नुकती जन्मलेली कोकरं, लेकरं. आणि दावं धरून पायी चालायच्या. लेकरू बसेल, कोंबडी बसेल, कुत्रीचं पिल्लू बसेल. बाई बसत नाही. असंच चालत आलं आहे. का, ते कुणी विचारलं नाही, कारण विचारायची गरज नव्हती.

हे मी दिपालीला सांगितलं. ती म्हणाली, "आबा, कोंबडी बसते नं? मग मला कोंबडी समजा." भारत हसला. सखूही हसली. तोंडावर पदर घेतला पण खांदे हलत होते.

१५ जानेवारी, गुरुवार

आज बैठक झाली. मी स्पष्ट सांगितलं, पुढची घोडी माझी. बुंदीवर मी बसणार आणि सगळ्यांच्या पुढं मी चालणार. नाहीतर घोड्या दावणीवरून हलणार नाहीत.

बुंदी आमची सगळ्यात जाणती घोडी. पांढरी, अंगावर तांबूस ठिपके. ती पुढं चालली की बाकीची जनावरं मुकाट्यानं मागं येतात. पुढच्या घोडीवर जो बसतो तो मालक, हे आंधळ्यालाही कळेल.

अमेय म्हणाला, "काका, तुम्ही जीपमध्ये बसा ना. पुढच्या मुक्कामावर लोकांना जुन्या गोष्टी सांगा. लोकांना खूप आवडेल."

मी म्हणालो, "मी काय गोष्टी सांगायचा गडी आहे का? तू सांग गोष्टी. घोड्या माझ्या."

दिपाली मध्ये बोलायला लागली होती, सखूनं तिला डोळ्यानं गप्प केलं. मला वाटलं, चला, निदान बायको तरी आपल्या बाजूची आहे. मग सखू अमेयला विचारते काय, तर ते डोक्यावरचं टोपडं लहान मापाचं मिळतं का. मी म्हणालो, "कुणासाठी?" ती म्हणाली, "उगंच इचारलं. इचारायलाबी बंदी हाय का?"

म्हातारपणी बाईमाणसाचं डोकं असं भरकटतं.

१९ जानेवारी, सोमवार

ही गोष्ट फक्त इथं लिहितो. मी घोडीवर बसून लांब कधी गेलेलो नाही. लग्नात बसलो होतो, आणि एकदा पाचोडच्या बाजारातून एक तट्टू आणलं तेव्हा थोडा वेळ बसलो, मग उतरून चाललो. गडी मेंढरांमागं पायीच असतात. पण धनगराच्या पोराला घोडी काय शिकवायची. बसलं की जमतं.

रात्रभर कंबर दुखते ती थंडीनं.

२३ जानेवारी, शुक्रवार

सखू पहाटे घोड्यांना पाणी दाखवायला जाते. आज परत आली ती लंगडत. पाठीला माती, कोपर सोललेलं, केसात कुसळं. म्हणाली, गोठ्यात पाय घसरला. गोठ्यात कुसळं कुठून आली हे मी विचारलं तर म्हणाली, "वाऱ्यानं."

मी फार बोललो. या वयात हाड मोडलं तर कोण करणार, घाटीच्या सरकारी दवाखान्यात बेडसुद्धा मिळत नाही, डॉक्टर पोराच्या वयाचे आणि उत्तरं बापाच्या तोऱ्यात देतात. दिपाली तेल गरम करून घेऊन आली आणि दोघी आतल्या खोलीत दार लावून बसल्या. आतून हसण्याचा आवाज येत होता. माणूस पडल्यावर हसतात कशाला?

दिपालीला सांगून ठेवलं आहे, उद्यापासून पाणी दाखवायला तू सोबत जा, म्हातारीवर लक्ष ठेव. लगेच हो म्हणाली. एवढ्या लवकर ती माझं कधीच ऐकत नाही.

२८ जानेवारी, बुधवार

आज वाटेवरून भांडण. दुसऱ्या दिवशी चितेगावच्या मागून जायचं आहे. तिथं आमचा जुना तळ होता. दरवर्षी गोदावरीकडे जाताना आणि येताना दोन-चार दिवस तिथं वाडा उतरायचा. आता तिथं कंपनी झाली आहे. भारत कामाला जातो तीच.

दिपाली म्हणाली, "आबा, कंपनीपासून नको, कालव्याकडून वळू. बुंदी तिथं आडंल."

मी म्हणालो, "तू वाडा बघितलास का कधी? तू या घरात आलीस तेव्हा मेंढरंसुद्धा नव्हती. मला वाट शिकवतेस?"

ती म्हणाली, "मी नाय, आत्याबाई म्हनतात."

सखू ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती घोडी जागा इसरत नाय. बाकी तुमची मर्जी."

दोघी एक झाल्या आहेत. सासू आणि सून एक झाल्या की घरात पुरुषाचं काही खरं नाही. मी सांगितलं, जुनी वाट तीच खरी वाट, कंपनीवरूनच जायचं. भारतच्या कंपनीतले लोकही बघतील, त्याचा बाप कसा पुढं चालला आहे ते. यात काय वाईट आहे?

५ फेब्रुवारी, गुरुवार

पाचोडच्या माळावरून निघालो. घोड्या टेम्पोत घालून आणल्या. आमच्या घोड्यांनी टेम्पो बघावा हे दिवस आले. सात लोक बसणारे. सात घोडे अमेयनं कुठून कुठून जमवले, ते फुरफुरतात आणि एकमेकांना चावतात. एकाला रस्त्यात फडकं दिसलं तरी तो बुजतो. मी अमेयला म्हणालो, हा कुणाला तरी मारणार. तो म्हणाला, काका, काळजी करू नका. काळजी न करणाऱ्यांमुळंच मला करावी लागते.

लोकांमध्ये पद्मजा नावाच्या एक बाई आहेत, पुण्याच्या, बँकेतून रिटायर झालेल्या. केस पांढरे. नातू आहे म्हणतात. त्या टांग टाकून घोड्यावर बसल्या. सखू जीपमध्ये भाकरीच्या टोपल्यांवर बसली होती. ती त्या बाईकडे असं बघत होती जसं लेकरू जत्रेत पाळण्याकडं बघतं. मी हाक मारली तर ऐकू गेली नाही.

माळ तसाच आहे. मुरूम, बाभळी, वाळलेलं कुसळ, मध्येच एखादा हिरवा मोसंबीचा तुकडा. दुपारी जमीन तव्यासारखी तापली आणि लांबवर पाण्यासारखं चकाकायला लागलं. पुण्याचा एक मुलगा म्हणाला, काका, हे तर वाळवंटच आहे. मी म्हणालो, हे वाळवंट नाही, ही आमची चराई होती. तो म्हणाला, वॉव.

मी पुढं होतो. बुंदीवर. पाठ ताठ ठेवली. मांड्या सोलल्या आहेत, पण हे कुणाला सांगायचं कारण नाही. मुक्कामावर उतरताना गुडघा लॉक झाला, तेव्हा मी घोडीच्या कानात गोचीड बघतोय असं दाखवलं.

दिपाली सगळ्यात शेवटी चालते, मागं राहिलेल्यांना सांभाळत. शोभतं का? पण एकही जण पडला नाही हेही लिहिलं पाहिजे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

खरं तेच लिहायचं ठरवलं होतं, म्हणून लिहितो.

दुपारी चितेगावच्या मागं आलो. जुन्या तळाच्या जागी कंपनीचं मागचं गेट आहे, तिथं कामगारांच्या चहाची टपरी आहे. बरोबर तिथं बुंदी थांबली. मी टाच मारली. हलली नाही. पुन्हा मारली. कान मागं घेतले आणि चारी पाय रोवून उभी राहिली. मागचे सगळे घोडे थांबले. चहाची सुट्टी चालू होती. पन्नासेक पोरं हातात कागदी कप घेऊन बघायला लागली. त्यात भारत होता.

कुणीतरी म्हणालं, "भारतराव, गाडीत पेट्रोल संपलं का काय तुमच्या आबाच्या?"

मला राग आवरला नाही. मी दाव्याचं टोक घेऊन तिच्या मानेवर मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिनं पुढचे गुडघे टेकले. घोडीवर ओझं जास्त झालं की ती बसते, तशी ती माझ्यासकट खाली बसली. मी तिच्या मानेवरून घरंगळून मुरमात पडलो. धोतर रिकिबीत अडकलं. सगळ्यांचे मोबाईल वर झाले.

भारत धावत आला. त्याच्याकडे मी बघू शकलो नाही.

मग जीपमधून सखू आली. माझ्याकडं आली नाही. आधी घोडीकडं गेली. तिच्या पोटाखालचा पट्टा सोडला, खोगीर ओढून काढलं आणि जमिनीवर ठेवलं. उघड्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "उतरलं गं बाई, समदं उतरलं." बुंदी उठली. अंग झाडलं आणि नुसती वासरासारखी उभी राहिली.

एवढंच होतं. तळावर आलं की ती ओझं उतरेपर्यंत हलायची नाही. उतरलं असं बाईनं सांगितल्यावर मोकळी व्हायची. सगळ्या घोड्यांना तसंच वळण लावलेलं असायचं. ते लावायच्या बायका. आम्ही गडी तेव्हा मेंढरं घेऊन दुसरीकडेच असायचो, मला कसं माहीत असणार? माहीत होतं तर हिनं नीट बसवून सांगायला नको होतं का?

माझा पाय मुरगळला होता. टेकवत नव्हता. अमेय म्हणाला, आता पुढची घोडी कोण घेणार, दिपाली मागची सोडू शकत नाही, ते बुजणारं घोडं तिच्याच धाकात आहे.

सखूनं खोगीर परत घातलं. पट्टा आवळला. घोडी टपरीच्या ओट्याला लावली, नऊवारीचा काष्टा वर खोचला, ओट्यावर चढली आणि बसली. या सगळ्यात एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. दिपालीनं मागून येऊन तिच्या डोक्यावर टोपडं घातलं. लहान मापाचं होतं.

कामगार पोरं टाळ्या वाजवायला लागली. मघाचाच तो आवाज म्हणाला, "आता पडलं पेट्रोल."

मला उचलून जीपमध्ये भाकरीच्या टोपल्यांशेजारी ठेवलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

जीपमध्ये. दौलताबादचा किल्ला डाव्या हाताला होता. मी बघितला नाही.

सखूशी बोललो नाही. ती त्या पद्मजाबाईंशी बोलत होती. दोघी आपापल्या गुडघ्यांना तेल चोळत होत्या आणि हसत होत्या. काय बोलतात ते ऐकायला मी जवळ सरकलो तर गप्प झाल्या.

एवढं समजलं, ती महिनाभर रोज पहाटे शिकत होती. दिपाली शिकवत होती. अमेयला माहीत होतं. भारतलासुद्धा माहीत होतं. मीच दिपालीला सांगितलं होतं सोबत जा म्हणून. माझ्याच तोंडून वदवून घेतलं.

८ फेब्रुवारी, रविवार

म्हैसमाळ. जीप डांबरी रस्त्यानं आधीच पोचली. मी वर कड्याजवळ दगडावर बसून होतो. घाटातली पायवाट वाईट आहे, काळा कातळ, सुटे दगड, एका बाजूला निवडुंग आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिथं एकदा आमची मेंढी पडली होती. मला तेच दिसत होतं सारखं. जेवण आलं, खाल्लं नाही. अमेयच्या ड्रायव्हरला दोनदा म्हणालो, फोन लाव. तो म्हणाला, रेंज नाही. रेंज नाही तर कशाला नेता माणसांना?

मग खालून टापा ऐकू आल्या. आधी बुंदीचे कान दिसले, मग ते टोपडं, मग सखू. चेहरा धुळीनं पांढरा झाला होता. लगाम सैल सोडलेला. ती पुढं बघत होती, फार लांब, डोंगरांच्या पलीकडं. मी उभा राहिलो तरी तिचं लक्ष गेलं नाही.

मला इतका राग आला की दुखऱ्या पायानं जीपपर्यंत चालत गेलो आणि आत जाऊन बसलो. धडधाकट परत आली होती, मग एवढा राग कशाचा आला हे आता विचार करूनही समजत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गावात सगळ्यांनी व्हिडिओ बघितला. पारावर कडुबानं मला विचारलं, "मुंजाबा, घोडीनं तुला ओझं समजून उतरवलं म्हनं?" मी आता पारावर जाणार नाही.

घरी भांडण काढलं. मीच काढलं. म्हणालो, "माझ्या तोंडाला काळं लावलंस."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "म्या कवा लावलं? तुमी सोता पडला."

"बाई घोडीवर बसत नसते."

"कुनी सांगितलं?"

"असंच असतं."

"व्हय. तुमी मेंढरांमागं असायचा. तुमाला काय ठावं, मागं कसं असतं ते." एवढं बोलून तिनं भाकरी उलटली. मग म्हणाली, "अमेय इचारत व्हता. पुढल्या खेपंला पुढची घोडी कोन घेनार."

"मग?"

"म्या हो म्हनले."

मला विचारलं नाही. हो म्हणले. मी ताट सरकवलं आणि उठलो. थोड्या वेळानं परत येऊन जेवलो, कारण ताट तसंच ठेवलं होतं आणि मांजर बसून होतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अबोला. खोगिराचा पट्टा बघितला. सखू वजनानं हलकी, तिला तो पट्टा एक भोक पुढं पाहिजे, नाहीतर चढताना खोगीर बाजूला फिरतं. पुढं भोकच नाही. अमेयला फोन केला तर म्हणतो, काका, बघू. बघू म्हणजे कधी, ती घाटात लटकल्यावर? मोच्याकडे जाऊन मीच पाडून आणलं. तिला सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुसरी खेप निघाली. या वेळी इथूनच, गावातून, उलट्या वाटेनं, आधी डोंगर आणि मग माळ. मी ठरवलं होतं बाहेर यायचं नाही. खाटेवर पडून राहिलो.

बाहेर गोंधळ. दिपाली लोकांना बसवण्यात गुंतलेली, भारत कामावर, अमेयचं ते बुजणारं घोडं पुन्हा गोल गोल फिरत होतं. सखू दगडावर उभी होती आणि बुंदी बाजूला सरकत होती. ती पाय वर करायची, घोडी सरकायची. तिचा गुडघा पहिल्यासारखा वळत नाही. तीन-चारदा झालं. कुणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी मी उठलो. संतापानंच उठलो. एवढ्या माणसांत घोडी धरायला एक माणूस नाही, आणि निघाले जग दाखवायला. जाऊन दावं धरलं आणि घोडीचं तोंड दाबून तिला उभं केलं. म्हणालो, "चढ."

ती चढली. पट्टा बघितला, आवळलेला होता. तिनं खाली वाकून नवं भोक बोटानं चाचपलं.

"सोडा आता," म्हणाली.

मी सोडलं नाही. चालायला लागलो. मागं दहा घोडे, सगळं गाव दारात. पारावर कडुबा उभा राहिला. तो काही म्हणायच्या आत मी म्हणालो, "बस खाली." तो बसला.

"अवो, सोडा म्हनते नं. लोकं बघायलेत."

"बघू दे. उतार लागेपर्यंत येतो."

गावाबाहेरच्या उतारापर्यंत गेलो. तिथं तिनं लगाम उचलला आणि बुंदीनं मान झटकली, तेव्हा दावं हातातून गेलं. त्या डोंगराकडं वळल्या. मागून दिपाली गेली, जाताना म्हणाली, "आबा, पाय बगा तुमचा." बघितला. घोडीची टाप अंगठ्यावर पडली होती, नख काळं झालं होतं.

राग अजून आहे. तो जायचं काही कारण नाही. चार दिवस ती तिकडं आणि मी इथं, घरात कुणी बोलायला नाही, भाकरी शेजारची भामाबाई देणार आहे आणि तिच्या भाकरीत राख असते.

पण एक गोष्ट लिहायची राहिली. दावं धरून चालणाऱ्याला वाट दिसत नाही. घोडीचं डोकं खांद्याला लागून असतं, समोरचं सगळं त्यानं झाकतं, आणि टाप पायावर पडू नये म्हणून सारखं खाली बघावं लागतं. माती, दगड, आपला पाय, तिचा पाय. एवढंच दिसतं. गावापासून उतारापर्यंत माझी मान दुखून आली. ती तशी गोदावरीपर्यंत जायची आणि परत यायची, दरवर्षी, पाठीवर लेकरू बांधून.

हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तरी सांगायचं होतं.